वसईतल्या आमच्या चर्चच्या मिस्सा: कुठली कुणाला मानवेल

वसईत भाड्याने राहायला आलेले कॅथलिक ओळखीचे झाले की आधी वेळा विचारतात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, किती वाजता, मराठीत की इंग्लिशमध्ये, रिक्षा मिळते का. वेळा चर्चच्या फलकावर आहेतच. कुठल्या मिस्साला गेल्यावर काय पदरात पडतं ते मात्र फलकावर नसतं, म्हणून हे लिहायला घेतलं. चर्चचं नाव देत नाही. पुढे तक्रारीही आहेत आणि मला त्याच गावात नांदायचं आहे. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला, केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमधलं एक चर्च, एवढं पुरे.

मी मूळची नगर जिल्ह्यातली, श्रीरामपूरकडची. लग्न होऊन इकडे आले. मुंबईत नर्स आहे, तिन्ही पाळ्या कराव्या लागतात. सासरच्या मंडळींची मिस्सा ठरलेली, बाकही ठरलेला. माझं तसं नाही. नाइट करून उतरले तर पहाटेची, दुपारची ड्युटी असेल तर साडेसातची, सकाळची असेल तर संध्याकाळची. त्यामुळे या चर्चचा रविवार मी सगळ्या बाजूंनी पाहिला आहे. घरातल्या कुणीही तो तसा पाहिलेला नाही.

सगळ्यात आधी पहाटे सहाची, कारण माझ्या मते तीच सगळ्यात चांगली. भाजीवाल्या, फुलवाले, दूधवाले आणि झोप कमी झालेले म्हातारे, अशी गर्दी. निम्म्या लोकांना नंतर गाडी पकडायची असते, त्यामुळे प्रवचन आपोआप आटोपशीर होतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, ही जुनी रीत इथे अजून बरीचशी दिसते. लाल लुगड्यातल्या आज्या पुढच्या बाकांवर असतात. वाचन करायला येणाऱ्या बाईंच्या मराठीला कादोडीचा, म्हणजे इथल्या बोलीचा, हेल आहे. बायबलमधलं थेस्सलनीकाकरांस पत्र आलं की त्या तिथे एक क्षण थांबतात, दम घेतात आणि मग ते नाव एका झटक्यात पार करतात. या मिस्साला गायनमंडळ नाही. एक आजोबा बाकावरूनच गीताची पहिली ओळ उचलतात आणि सगळं चर्च मागोमाग गातं. सूर कधी वर चढतो, कधी घसरतो, पण सगळे गातात.

हे मला महत्त्वाचं वाटतं ते माझ्या माहेरामुळे. आमच्याकडे चपला दाराबाहेर काढून, सतरंजीवर मांडी घालून मिस्सा ऐकायची. पेटी, ढोलकी, टाळ. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला सप्टेंबरात आलेल्यांनी ते ऐकलं असेल. तिथे गाणं न येणारा माणूससुद्धा दुसऱ्या फेरीला गात असतो. वसईत आल्यावर चपला घालून चर्चमध्ये शिरायला मला जड गेलं, बाकावर बसायची सवय मात्र लगेच झाली. गुडघ्यांना विचारलं तर तेही वसईच्याच बाजूने मत देतील.

साडेसातची मराठी मिस्सा ही गावाची मुख्य मिस्सा. चर्च भरतं, बाहेरच्या मंडपात खुर्च्या लागतात. सजावट देखणी असते, फुलं घरच्या वाडीतली, आणि वेदी कशी मांडावी हे इथल्या लोकांकडून शिकावं. नाताळाआधीच्या आगमनकाळात जांभळं कापड, एकेका आठवड्याला एकेक मेणबत्ती, ईस्टरआधीच्या उपवासकाळात एकही फूल नाही. लहान मुलालाही न सांगता कळतं की वर्ष कुठे आलं आहे.

गायनमंडळाला कीबोर्ड आहे, गिटार आहे, तालीम शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत चालते. चार आवाजांत गातात आणि खरोखर छान गातात. अडचण अशी की बाकीचे ऐकत बसतात. गीतं दर महिन्याला नवी, चाली अवघड, आणि शब्द दाखवायला जो पडदा लावला आहे त्यावर दुसरं कडवं येतं तेव्हा मंडळ तिसऱ्यात पोहोचलेलं असतं. माझ्या सासूबाईंनी लहानपणी लॅटिन मिस्सा पाहिली आहे. तेव्हा फादर वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये बोलायचे आणि खाली बायका जपमाळ ओढत बसायच्या, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेचा दस्तऐवज काढला आणि लोकभाषेला वाट मोकळी झाली. त्यात उपासनेत सगळ्या लोकांनी मनापासून, समजून भाग घ्यावा हे ठळकपणे म्हटलं आहे. आता साडेसातला मंडळाचं अर्पणगीत सुरू झालं की सासूबाई पिशवीतून जपमाळ काढतात. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मग काय करू? ते गातात, मी जप करते. देवाला दोन्ही ऐकू येतं."

मंडळाच्या दादांना मी हे सांगून पाहिलं. त्यांचं म्हणणं, लोकांना गाणी येतच नाहीत. येणार कुठून? चार गीतं वर्षभर ठेवा, पाचव्या महिन्यात छप्पर हलेल.

प्रवचनाबद्दल. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका, नाहीतर लोक झोपतात, असं स्पष्ट सांगितलं होतं. साडेसातच्या मिस्साला ती बातमी अजून पोहोचलेली नाही. एक फादर त्या दिवसाच्या शुभवर्तमानावर बोलतात, गावातलं उदाहरण देतात आणि बसतात. त्यांचा रविवार असला की मी ड्युटी बदलून घ्यायलाही तयार असते. दुसऱ्यांचं प्रवचन तीन वेळा संपतं. "शेवटी एवढंच सांगेन" हे त्यांच्याकडून ऐकलं की घड्याळाकडे बघू नये. त्यात आवाजाची व्यवस्था अशी की उंच छताखाली शब्दावर शब्द चढतो आणि पंखे चालू असतील तर मागच्या तिसऱ्या भागात फक्त हेल कळतो, वाक्य नाही. नवीन माणसाने डावीकडच्या दाराजवळ बसावं, तिथला स्पीकर ठीक आहे. मात्र भिंतीलगतच्या पहिल्या दोन बाकांवर बसू नका. तिथे कुणाचं नाव लिहिलेलं नाही, पण ते बाक कुणाचे आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि तुम्हालाही लवकरच कळेल.

शेवटच्या सूचना लांबतात म्हणून लोक कुरकुरतात. मी उलट सांगेन, त्या ऐकाच. कुणाकुणाचं लग्न ठरलं त्याची नावं, रक्तदान शिबिर, कुठल्या वाडीत पाण्याची टाकी फुटली, पतपेढीची सभा, आजारी माणसासाठी रक्तगट हवा असल्याची विनंती, दहावीच्या मुलांना शिकवणी. गावात काय चाललं आहे ते मला वर्तमानपत्रापेक्षा तिथेच जास्त कळतं. दाराशी 'सुवार्ता' मासिकाचा अंक मिळतो, तोही घ्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांनी अनेक वर्षं त्याचं संपादन केलं. मराठी कॅथलिक काय वाचतो, कशावर भांडतो, हे बाहेरच्या माणसाला तिथे सापडेल.

नऊची मिस्सा मुलांची. ज्यांना शांतता हवी त्यांनी इकडे फिरकू नये. वेदीसेवकांत, म्हणजे मिस्सात फादरांना मदत करणाऱ्यांत, मुली जास्त आहेत. रोमने मुलींना ही परवानगी १९९४ मध्ये दिली, पण आमच्या घरातल्या थोरल्यांना त्याची सवय माझ्या मुलीमुळे झाली. मिस्सानंतर धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. शिकवणारे सगळे गावातलेच, विनामोबदला, कुणी बँकेत, कुणी शाळेत नोकरी करणारे. त्यांच्या चिकाटीला सलाम, पण शिकवणं पाठांतराचं. माझ्या मुलीला सात संस्कार क्रमाने म्हणता येतात, त्यातल्या एकाचाही अर्थ विचारला तर ती "परीक्षेला नाही" म्हणते. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मुलं पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात त्या, वर्षी मात्र वर्ग खरंच चांगला असतो, तिथल्या सिस्टर मुलांना प्रश्न विचारू देतात.

साडेदहाची इंग्लिश मिस्सा बिल्डिंगवाल्यांची. गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, आणि इंग्लिश शाळेत शिकलेली आमचीच पोरं. वेळेवर सुरू, वेळेवर संपते, वाचन सुरेख. संपली की पाच मिनिटांत आवार रिकामं. मी तिथे कुणाशी ओळख झाल्याचं आठवत नाही. संध्याकाळी सहाची ज्यांची सकाळ हुकली त्यांची, मागे दाराशी तरुण मुलं उभी असतात आणि निम्म्यांच्या हातात मोबाइल. शनिवारी संध्याकाळचीही मिस्सा असते आणि ती रविवारचीच धरली जाते, हे शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पहाटेच्या मिस्सानंतर फाटकाबाहेर बाजार भरतो. पालेभाजी, मोगरा, वेलची केळी, हंगामात सुकेळी. सुकेळी स्टेशनजवळच्या दुकानात घेऊ नका, इथे घ्या. ज्या बाईने ती वाळवली तिच्याकडूनच मिळतात आणि ती तुम्हाला चव घ्यायला अर्धं केळं देते. मासळी पाचूबंदराकडून येते, पण आठच्या आत संपते.

आता ज्यासाठी मी या चर्चला पूर्ण गुण देते ते. आजाऱ्यांची सेवा. सासरे शेवटची काही वर्षं अंथरुणावर होते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरी यायचे, आणि दर रविवारी मिस्सानंतर एक काकू लहानशा डबीत ख्रिस्तप्रसाद घेऊन यायच्या. त्या आमच्याच गल्लीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या आल्या की सासरे कपडे बदलून बसायला मागायचे, एरवी आंघोळीलाही तयार नसायचे. मी रोज आजारी माणसं पाहते. सलाइन लावणारे पुष्कळ मिळतात, रविवार आहे याची आठवण करून द्यायला येणारं माणूस मिळत नाही. काकूंचा एकही रविवार चुकला नाही, पावसात रस्ता पाण्याखाली होता तेव्हा त्या मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून, डबी छातीशी धरून आल्या.

सासरे गेले तेव्हाचंही सांगते. चर्चची घंटा वाजण्याआधी समूहाच्या व्हॉट्सअॅपवर बातमी गेली होती. समूह म्हणजे लहान ख्रिस्ती समूह, एका वाडीतली साधारण वीस-पंचवीस घरं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीवर जमतात, शुभवर्तमानातला उतारा वाचतात, ज्याला जे वाटलं ते बोलतो, मग चहा. एरवी बघायला काही विशेष नाही. दोन जण बोलतात, बाकीचे डास मारतात. पण आमच्या घरी मयत झाली आणि त्याच माणसांनी कुणाला न विचारता कामं वाटून घेतली. कबरीचं कुणी बघितलं, खुर्च्या कुणी आणल्या, शवपेटीचं कुणी बोलून ठेवलं, मला आजही नीट माहीत नाही. आमच्या घरी चूल पेटली नाही आणि कुणी उपाशीही राहिलं नाही. जपमाळेला रात्री अंगण भरलं. तिथे गीतं जुनी होती, पेटी नव्हती, आणि सासूबाई मोठ्याने गात होत्या.

नंतर सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा, सगळ्याची आठवण समूहप्रमुखांनी करून दिली. २ नोव्हेंबरला स्मशानभूमीत फुलं आणि मेणबत्त्या घेऊन गेलो तर काकू आधीच तिथे होत्या, आमच्या कबरीवरचं गवत काढत.

हे सगळं आम्हाला मिळालं ते आम्ही गाववाले म्हणून. आणि माझी मोठी तक्रार इथेच आहे. स्टेशनच्या बाजूला नवीन इमारतींमध्ये जालन्याचे, नगरचे, संगमनेरचे कितीतरी मराठी कॅथलिक भाड्याने राहतात. ते रविवारी येतात, मागच्या बाकावर बसतात, जातात. फाटकाशी त्यांच्याशी सगळे गोड बोलतात. "कुठले तुम्ही? अरे वा!" आणि झालं. वाड्यांचे समूह पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले, इमारतींचे समूह कागदावर आहेत, त्यांची बैठक कधी झाली ते तिथल्या प्रमुखांनाही सांगता यायचं नाही. अकरा महिन्यांचा करार असलेल्या घराला समूहात घ्यायचं कशाला, असा काहीसा हिशोब असावा.

माझ्या ओळखीच्या जालन्याच्या एका कुटुंबात आजी वारली. नोंदणी केलेली नव्हती. कार्यालयाने बाप्तिस्म्याचा दाखला मागितला, गावच्या फादरांचं पत्र मागितलं, आणि हे सगळं मृतदेह घरात असताना. नियम म्हणून ते बरोबर असेल. स्मशानभूमीत जागा कमी आहे, कुणालाही पुरता येत नाही, हेही मला कळतं. पण सकाळची मयत रात्री उरकली, आणि तीही शेजारच्या वाडीच्या समूहप्रमुखांनी आपल्या जबाबदारीवर शब्द टाकला तेव्हा. जपमाळेला त्या फ्लॅटमध्ये किती माणसं होती ते मी पाहिलं. आमच्या अंगणात जी मावली नव्हती त्यातली चार माणसं तिकडे गेली असती तरी चाललं असतं.

हे गाव तसं परक्यांना घाबरणारं नाही. १५३४ मध्ये पोर्तुगीज आले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, राज्यं बदलली, चर्चं राहिली. इथला गोन्सालो गार्सिया परमुलखात जाऊन १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मेला आणि संत झाला, त्याचा इथे केवढा अभिमान. स्वतः परमुलखात जाऊन राहिलेल्या संताच्या गावात चार स्टेशनांवरून आलेल्या माणसाला दोन वर्षं मागच्या बाकावर बसायला लागतं, हे मला पटत नाही. मी इथली सून म्हणून आत आले. माझी मैत्रीण भाडेकरू म्हणून आली, तीही नगरचीच, तीही तीच गीतं गाणारी, आणि ती अजून बाहेरच आहे.

तेव्हा गुण द्यायचेच तर असे: आजारी आणि मयत, पाचपैकी पाच. पहाटेची मिस्सा साडेचार, अर्धा गुण थंडीत दार उघडं ठेवतात म्हणून कापला. साडेसातची तीन. धर्मशिक्षण तीन. नवीन माणसाला सामावून घेणं, दीड.

पैशांबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून उघडच सांगते. कुणी मागत नाही. अर्पणाच्या वेळी थैली फिरते, खांबावर क्यूआर कोड आहे. कुणासाठी मिस्सा ठेवायची असेल तर कार्यालयात हेतू नोंदवायचा, रक्कम तिथे लिहिलेली आहे, आणि ती नसेल तर फादर तरीही मिस्सा करतात. वर्षाचा हिशोब फलकावर लावतात, तो मी वाचला आहे, खर्च कुठे गेला ते कळतं. पार्किंग नाही असंच समजा, साडेसातला गाडी घेऊन गेलात तर बाहेर पडायला नऊची मिस्सा सुरू होईल.

नवीन आला असाल तर पहिल्याच आठवड्यात नोंदणी करा. आधीच्या धर्मग्रामाचं (पॅरिशचं) पत्र, सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचा दाखला न्या. मुलाचा बाप्तिस्मा करायचा असेल तर धर्ममातापिता (गॉडपेरेंट्स) सोळा वर्षांच्या वरचे आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेले लागतात, ते आधीच बघून ठेवा. लग्न ठरलं असेल तर दाखला जुना चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला, ताजा काढून आणावा लागतो, आणि गावाकडच्या फादरांना फोन केल्याशिवाय तो येत नाही. कार्यालय सोमवारी बंद असतं. तिथे अर्ज देऊन परत येऊ नका, तुमचा समूह कुठला आणि त्याचे प्रमुख कोण, हे विचारून, फोन नंबर घेऊन मगच उठा. नाहीच दिला तर रविवारी पहाटेच्या मिस्सानंतर फाटकाबाहेर या आणि सुकेळीवालीला विचारा. तिला सगळ्यांचे नंबर माहीत आहेत, आणि ती तुमच्यासमोर फोन लावून देईल.